पंच्याऐंशीची काच

माझ्या थोरल्या मुलाला, विलासला, जुळ्या मुली झाल्या त्या वर्षाची ही गोष्ट. बारशाला दोन पाळणे बांधले होते, एक घरचा आणि एक शेजारच्या गोदाक्काकडून आणलेला. सगळा गाव जमला, पण नाव ठेवायला जिनं यायचं ती आत्याच आली नाही. आमची वैजू मुंबईत शूटिंगला अडकली होती. शेवटी गोदाक्कानंच आत्या होऊन दोन्ही पोरींच्या कानात कुर्र केलं आणि विलास दिवसभर तोंड फुगवून बसला.

त्यानंतर आठवड्याभरात एका सकाळी दारात जीप थांबली. वैजू उतरली, तिच्यामागं एक उंच, सडपातळ पोरगा उतरला आणि मग काळ्या पेट्याच पेट्या उतरायला लागल्या.

"आधी पोरी बघ," मी म्हटलं.

"बघते गं आई. अण्णा, तुमच्या काचा कुठायत?"

अण्णा म्हणजे तिचे वडील. मुरगूड आणि आसपासची खेडी त्यांना अण्णा फोटोवाले म्हणायची. मी त्यांचं नाव घेत नाही, म्हणून इथंही अण्णाच लिहिते. लेन्सला ते काच म्हणायचे, आणि ते म्हणायचे म्हणून आम्हीही.

अण्णा ओट्यावर चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "कशाला? मोडीत घालायच्यात?"

"सिनेमा काढायचाय त्यांच्यातनं."

अण्णा हसले. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचे थांबले.

काचा आमच्या स्वयंपाकघरात असत. वरच्या फळीवर स्टीलचा मोठा डबा, झाकण घट्ट, आत भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. पावसाळ्यात काचेला बुरशी धरते, तांदूळ दमटपणा ओढून घेतो. पुरचुंड्या बदलायचं काम माझं. अक्षरं मी फार उशिरा शिकले, वैजू चौथीत असताना तिच्याच पुस्तकावर, पण काचांवरचे आकडे त्याच्या कितीतरी आधी ओळखत होते. अठ्ठावीस, पन्नास, पंच्याऐंशी, एकशे पस्तीस. लग्नाच्या मांडवात अण्णांनी हात मागं केला की न विचारता पाहिजे ती काच मी त्या हातात ठेवायची.

मी डबा काढून दिला. वैजूनं तो मांडीवर घेतला आणि झाकण उघडून आत वास घेतला, लहानपणी घ्यायची तसा.

"हा मुनीर," तिनं त्या पोराची ओळख करून दिली. "मिरजेचा. माझा फोकस पुलर."

"म्हणजे काय करतोस बाबा?" मी विचारलं.

"फोकस ओढतो, काकी."

"कुठं ओढतोस?"

"माणूस हलंल तिकडं," तो म्हणाला. "फोटोत माणूस एका जागी असतो. सिनेमात चालत येतो, वळतो, उठतो. त्याच्याबरोबर काचेची ही रिंग फिरवत राहायची, म्हणजे तो धूसर होत नाही. वैजूताई कॅमेरा बघतात, मी रिंग."

चहा होईतो वैजूनं सगळं सांगितलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर तिला पहिला सिनेमा मिळाला होता. छायाचित्रणाची सगळी जबाबदारी तिची. गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीच्या एका लग्नाची. सिनेमासाठीच बनवलेल्या नव्या लेन्स भाड्यानं आणायच्या असं निर्मात्यांचं म्हणणं. वैजूनं त्या लावून बघितल्या होत्या.

"त्यातनं सगळं दिसतं, अण्णा. नटीच्या गालावरचं एकेक छिद्र दिसतं. नऊवारी नेसवली तरी ती कालच्या मॉलमधली वाटते. मला तुमच्या फोटोतल्यासारखी माणसं पायजेत. म्हणून मी सांगितलं, जुन्या फोटोच्या लेन्सवर काढते."

"मग?"

"मग सगळे हसले. म्हणाले, लग्नाच्या फोटोच्या काचांवर सिनेमा? फोकस राहणार नाही, युनिट खोळंबून बसेल. शेवटी म्हणाले, सोमवारी नमुना दाखव. पटला तर तू आणि तुझ्या काचा. नाही पटला तर त्यांच्या लेन्स येणार, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कॅमेरामन."

"म्हणजे तू?"

"म्हणजे मी बाहेर. मग पोरींच्या बारशाला तरी यायला पायजे होतं," वैजू म्हणाली.

शनिवार होता. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उठले. "चला. स्टुडिओ उघडतो."

स्टुडिओ म्हणजे आमच्या घराचा पुढचा भाग. मोबाईल आल्यापासून तिथं पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स एवढंच चालायचं. त्या दिवशी मात्र अण्णांनी झेरॉक्सच्या मशीनवर चादर टाकली आणि आतला निळा पडदा सोडला. मुनीरनं पेट्या उघडल्या. कॅमेरा बघून अण्णा म्हणाले, "ह्याला डोळाच न्हाई की!" खरंच, पुढं नुसतं भोक होतं. काच आपली आपण बसवायची. वैजूनं खिशातून धातूचं एक कडं काढलं. ते कॅमेऱ्याला लावलं की आमच्या काचा त्यावर बसत होत्या. पहिली काच कट्‌ करून बसली तेव्हा अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लग्नात लेक पाटावर नीट बसली.

मग सुरू झाली मजा. मॉडेल मी. स्टुलावर बसायचं, उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. समोर छोटा टीव्ही, त्यात मी.

अठ्ठावीसमध्ये माझं नाक कणसाएवढं झालं. गोदाक्का दारात येऊन उभी होती, ती म्हणाली, "आता खरं दिसतंय बघ तारे!" पन्नासमध्ये मी होते तशी दिसले. मुनीर एका हातानं रिंग फिरवत होता आणि दर खेपेला मी खिडकीकडं निघाले की धूसर व्हायचे. एकदा, दोनदा, मग गोदाक्काला चालवलं तर तीही.

"माझंच तोंड का पुसलंस रं?" ती ओरडली.

मुनीर कपाळावर हात मारून हसायला लागला. "वैजूताई, उलटी फिरतीय!"

सिनेमाच्या लेन्सची रिंग ज्या बाजूला फिरवली की जवळचा माणूस स्वच्छ दिसतो, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आमच्या काचांची रिंग फिरत होती. दहा वर्षांची सवय त्याच्या बोटांत बसलेली. डोकं म्हणायचं उजवीकडं, हात जायचा डावीकडं. शिवाय फोटोच्या काचेत रिंगची चाल फार थोडी. खिडकीपासून स्टुलापर्यंतचं सगळं अंतर बोटभर जागेत मावलेलं.

"जमंल का?" वैजूनं विचारलं. आवाज हलका होता, पण तिची नजर मला कळत होती.

"सायकल उलट्या हँडलची दिली तर पहिल्यांदा पडंलच की माणूस," मुनीर म्हणाला. "द्या दुपारपर्यंत."

त्यानं रिंगला पांढरी पट्टी चिकटवली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मला इतक्या वेळा खिडकीपर्यंत चालवलं की शेवटी मी म्हटलं, एवढं चालले असते तर आदमापूरच्या देवाला जाऊन आले असते. पण दुपारी जेवायच्या आधी मी स्टुलावरून उठून खिडकीपर्यंत गेले, वळले, हसले, आणि सगळा वेळ टीव्हीत माझ्या डोळ्यांच्या पापण्या दिसत राहिल्या. गोदाक्कानं टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मुनीरच्या पाठीवर थाप मारली. असा आवाज त्या खोलीत कितीतरी वर्षांनी झाला होता.

मग एकेक काच निवडणं चाललं. वैजू पांढऱ्या भिंतीसमोर काच लावायची आणि टीव्हीत रंग बघायची. "सगळ्या एका आईच्या लेकरांसारख्या दिसल्या पायजेत," ती म्हणायची. "एका काचेतनं आई पिवळी आणि दुसरीतनं निळी, असं चालत न्हाई." अठ्ठावीस, पन्नास, एकशे पस्तीस, तिघी जुळल्या. मग अण्णांनी स्वतः उठून पंच्याऐंशी पुढं केली.

ही त्यांची लाडकी. चेहऱ्याची काच म्हणायचे तिला. पंचक्रोशीतल्या नवऱ्या मुलींचे चेहरे त्यांनी हिच्यातूनच टिपले होते. मीही एकदा तिच्यासमोर बसलेली आहे.

वैजूनं ती लावली. टीव्हीत माझा चेहरा आला आणि सगळी पुढं सरकली. कडेला उजेडाची बारीक साय धरल्यासारखी दिसत होती. सुरकुत्या होत्या, पण कुणी हात फिरवल्यासारख्या.

"अय्या," वैजू म्हणाली. "हीच."

मुनीरनं रिंग फिरवली. रिंग अडली. जोर लावला तशी एकदम सुटली आणि चित्रानं गचका खाल्ला. पुन्हा केलं, पुन्हा गचका. आतलं ग्रीस वाळून गेलं होतं. फोटोला काही बिघडत नव्हतं, एकदा फोकस लावला की झालं. पण ओढताना ती लंगडत होती.

"कोल्हापूरला नेऊन उघडली तर?" मुनीर म्हणाला.

"सोमवारच्या आत?" वैजूनं ती काढली आणि अलगद डब्यात ठेवली. अण्णांकडं बघून म्हणाली, "अण्णा, रूप लई छान आहे हो. पण हिच्यापायी नमुना फसला तर सगळंच गेलं."

"बरोबर हाय," अण्णा म्हणाले. "चालंना तिला कशाला न्यायची." आणि झेरॉक्सला कुणी आलंय का बघायला बाहेर गेले. कुणी आलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी गोदाक्काच्या घरामागच्या परड्यात लग्न मांडलं. निर्मात्यांना लग्नाचा प्रसंगच बघायचा होता. नवरी गोदाक्काची सून रेश्मा, नवरा तिचाच नवरा अमर.

"आक्का, ह्यांचं लग्न झालंय की!" कुणीतरी ओरडलं.

"पयलं नीट लागलं न्हाई म्हणून पुन्हा लावतोय," गोदाक्का म्हणाली. "दिवसभर भांडत्यात."

गल्लीतली सगळी जुन्या साड्या, जुने फेटे काढून आली. कुणी कपाटाच्या तळातला कोट घातला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास. मी नवरीची आई. भटजी खरेच होते, हौसेनं आलेले. अण्णा मात्र परड्याच्या कडेला पेरूखाली रिकाम्या हातांनी उभे. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मांडव आहे, नवरी आहे, आणि गळ्यात कॅमेरा नाही, असं त्यांच्या जन्मात झालं नव्हतं.

अठ्ठावीसनं सगळा मांडव घेतला. पन्नास लावल्यावर मी रेश्माच्या मागून चालत आले आणि मुनीरनं मला एकदाही सोडलं नाही. वैजूचा चेहरा फुलत चालला होता. "लई भारी, लई भारी," ती पुटपुटत होती. राहिला शेवटचा शॉट. अंतरपाट खाली येतो आणि त्याच्यामागून नवरीचा चेहरा दिसतो.

इथं घोडं अडलं. पन्नासनं तेवढा चेहरा घ्यायचा तर कॅमेरा रेश्माच्या अंगावर न्यावा लागत होता आणि तिचा चेहरा फुगत होता. एकशे पस्तीसला मागं जायचं तर मागं गोठ्याची भिंत. ऊन पेरूच्या फांदीवरून सरकत मांडवाबाहेर चाललं होतं.

वैजूनं सरकत्या उन्हाकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता हात मागं केला.

मी डब्यातून पंच्याऐंशी काढून त्या हातात ठेवली.

पहिल्यांदा अंतरपाट खाली आला, रेश्मा अर्धं पाऊल पुढं झुकली, रिंग अडली, गचका. दुसऱ्यांदा रेश्मा जागची हलली नाही तर अमर हलला आणि त्याच्या फेट्याचं टोक मध्ये आलं. मुनीरचं मनगट घामेजलं होतं. "शेवटचं," वैजू म्हणाली. "ऊन गेलं."

भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. अक्षता मुठीत घेऊन आम्ही सगळी उभी. आणि अंतरपाट खाली आला त्या क्षणाला पेरूखालून आवाज आला.

"हलू नका!"

आमच्या गावातलं लग्न कसं लागायचं हे सांगायला पाहिजे. अंतरपाट खाली आला की अण्णा ओरडायचे, "हलू नका!" मग भटजीसुद्धा थांबायचे. अक्षता मुठीतच राहायच्या. वाजंत्रीवाले फुगवलेले गाल तसेच धरायचे. अण्णा पुढं यायचे, नवरीची हनुवटी दोन बोटांनी किंचित वर करायचे, पदराची कड सारखी करायचे, मागं जायचे, आणि फ्लॅश उडाला की मगच टाळ्या, मगच वाजंत्री. चाळीस वर्षं असंच. अण्णांनी सांगितल्याशिवाय मुरगुडात लग्न लागत नाही, अशी थट्टा चालायची.

तो आवाज ऐकला आणि सगळी थिजली. गोदाक्काचा हात अर्ध्यात. भटजींचं तोंड उघडं. शेजारचा सत्तरीतला नाना फेट्याला हात लावायला निघाला होता, तो हात तसाच. रेश्माच्या लग्नाचे फोटो कोल्हापूरच्या पोरांनी काढले होते, तिला ही रीत ठाऊक नव्हती, पण भोवतीची सगळी थांबलेली बघून तीही थांबली. मीसुद्धा. मुनीरचा हात रिंगवरून सुटला.

आणि अण्णा सवयीनं चालत मांडवात आले. पेरूच्या सावलीतून उन्हात. रेश्माची हनुवटी दोन बोटांनी वर केली. पदराची कड सारखी केली. माझ्याजवळ आले, कपाळावरची माझी बट मागं सारली. मग दोन पावलं मागं सरकले आणि गळ्याशी हात नेला.

गळ्यात कॅमेरा नव्हता.

त्यांनी हाताकडं बघितलं, मग पुढ्यातल्या त्या काळ्या कॅमेऱ्याकडं बघितलं आणि एकदम ध्यानात आलं. "अरं देवा," म्हणाले.

वैजूनं अजून 'कट' म्हटलं नव्हतं. ती कॅमेऱ्याला डोळा लावून तशीच उभी होती. मग म्हणाली, "कट," आणि परड्यात एकच हशा उसळला. नानानं अक्षता अण्णांच्याच डोक्यावर टाकल्या. "अण्णा, सिनेमात हलायचं असतं वो!" अमर ओरडला. गोदाक्का तर पोट धरून खाली बसली.

अण्णा हसत नव्हते. "वैजू, माझ्यामुळं बिघडलं गं. पोरी, ऊन गेलं. मी काय केलं हे."

"अण्णा, गप्प बसा जरा. सगळीच गप्प बसा."

तिनं टीव्ही खाटेवर ठेवला आणि चित्र मागं नेलं. सगळा मांडव त्या टीचभर पडद्याभोवती गोळा झाला. अंतरपाट खाली आला. रेश्मा दिसली, मागं आम्ही. आणि सगळी थांबली. फोटोच वाटला तो. पण मग दिसलं की रेश्माच्या कानातला झुमका बारीक झुलतोय. उदबत्तीचा धूर वर जातोय. गोदाक्काच्या मुठीतून अक्षतेचा एकेक दाणा निसटून खाली पडतोय. त्या काचेच्या सायीसारख्या उजेडात आमची सगळी गल्ली श्वास धरून उभी, आणि तिच्यामधून एकटा माणूस चालत येतोय.

मुनीर म्हणाला, "मी काहीच ओढलं नाही."

"ओढायचंच नाही," वैजू म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. "मुनीर, ह्या काचेसमोर माणसं हलणारच नाहीत! बाकीच्या तीन काचांवर चालतील, पळतील, नाचतील. आणि जिथं गोष्ट थांबते तिथं ही. हिची रिंग हलवायचीच नाही. माणसं तिच्यापाशी येऊन थांबतील. हिचं ग्रीस गेलं चुलीत! आई, चार काचा. चारी घेऊन चालले मी!"

अण्णा खाटेच्या कडेवर बसले. "पुन्हा दाव," म्हणाले. वैजूनं पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवताना ते पडद्याजवळ वाकले. "हा म्हातारा मधनं कशाला फिरतोय?"

"राहू दे की," मी म्हटलं. "बरा दिसतोय."

सोमवारी वैजूनं मुंबईहून फोन केला. मी फोन कानाशी धरला तर आधी नुसता तिचा आणि मुनीरचा आरडाओरडा ऐकू आला. मग ती म्हणाली, "आई, अण्णांना सांग. निर्मात्यांनी विचारलं, हा म्हातारा नट कोण?" मी सांगितलं तसे अण्णा उठले, डब्यातल्या राहिलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या बाहेर काढल्या आणि रिकामा डबा उन्हात पालथा घातला. दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, "काचा मुंबईला गेल्यात. शूटिंगला."

सिनेमाची सुरुवात त्याच शॉटनं होते. नटांना घेऊन तो पुन्हा काढायचा ठरलं होतं, पण वैजूनं काढू दिला नाही. पडद्यावर मुरगूड थांबलेलं आहे आणि अण्णा चालत येतायत.

सिनेमा पडद्यावर येण्याआधी एका सकाळी गारगोटीच्या वार्ताहरानं पेपरातल्या बातमीसाठी अण्णांचा फोटो मागितला. आम्ही सगळं घर धुंडाळलं. हजारो चेहरे होते, अण्णांचा एकही नव्हता. हयातभर ते काचेच्या मागंच उभे. वैजूनं त्या शॉटमधलं एकेक चित्र काढून बघितलं. प्रत्येकात आम्ही सगळी स्वच्छ, आणि अण्णा हललेले. स्टुडिओत असा फोटो निघाला तर ते फाडून टाकायचे. आम्ही त्यातलाच एक दिला, हनुवटीपाशी दोन बोटं असलेला.

माझे पती दौलत गणू सुतार १९ डिसेंबर २०१३ रोजी पहाटे मुरगूड इथं राहत्या घरी वारले.